वाघिणीला जामीन राहिलेले मामाजी

वर्धा जिल्ह्यात हौशी माणसांना जंगल दाखवायला नेण्याची प्रथा ज्यांनी पहिल्यांदा पाडली, आणि ज्यांच्याबरोबर गेलेल्या एकाही माणसाला शेवटपर्यंत वाघ दिसला नाही, असे गृहस्थ या पृथ्वीतलावर एकच होऊन गेले, आणि नेमके ते माझ्या बायकोचे सख्खे मामा निघाले. आता त्या जंगलाच्या तोंडाशी फाटक आहे, जिपा आहेत, टोप्या घातलेले वाटाडे आहेत. पण सत्तर-ऐंशीच्या त्या दिवसांत बोर धरणाच्या वरच्या रानात शिरायचं म्हणजे मामाजींची बैलगाडी, तिकडच्या भाषेत बंडी, मामाजींची बैलजोडी आणि मामाजींचे कायदे. त्यांतल्या बंडीने माझी पाठ मोडली आणि कायद्यांनी झोप उडवली. मी वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. जंगल मला नकाशातल्या हिरव्या रंगाइतकंच माहीत होतं आणि तेवढ्यावर माझं उत्तम चाललं होतं. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी तिचं शिक्षण सांगितलं, पत्रिका दाखवली, विणलेले रुमालही दाखवले. मामाविषयी मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

मामाजींचं गाव सेलूहून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रानाला पाठ लावून बसलेलं. घरचा धंदा भाजीपाल्याचा. वांगी, भेद्रं, सांभार, म्हणजे तिकडच्या लोकांचे टोमॅटो आणि कोथिंबीर. रानात हळू बोलायचं या नियमाची त्यांना इतकी सवय जडली होती की ते भर बाजारातही कुजबुजत. वांग्यांचा भाव गिऱ्हाइकाच्या कानाशी लागून सांगत. नवखं गिऱ्हाईक दचकायचं, वांग्यांत काहीतरी भानगड आहे असं समजून पुढच्या पाटीकडे वळायचं. एकदा तर सेलूच्या बाजारात एका पोलिसाने बराच वेळ त्यांच्यावर पाळत ठेवली, आणि शेवटी वांगी घेऊन निघून गेला. अंगात बारा महिने एक खाकी कोट. तो कुणाचा, कुठून आला, हे विचारायची सोय नव्हती. त्याच्या खिशांत वांग्याचं बी, सुतळी, सुपारी आणि कुठल्यातरी पाखराची पिसं एकत्र नांदत. पाखरांवर त्यांचा जीव होता, पण त्या जीवाच्या मानाने ज्ञान फारच तोकडं. पाखरांना ते आपल्या नातेवाइकांची नावं देत. नागपूरहून दुर्बीण घेऊन आलेल्या एका प्राध्यापकांनी 'हा कोणता पक्षी?' असं विचारलं तेव्हा मामाजींनी अत्यंत गांभीर्याने 'हे आमची आत्याबाई' असं उत्तर दिलं. प्राध्यापकांनी दुर्बीण झाडावरून काढून बराच वेळ मामाजींवर धरली.

बंडीत बसवण्याआधी ते प्रत्येक पाहुण्याचा वास घेत. पावडर, अत्तर, सुवासिक तेल लावून आलेल्याला कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, नेऊन शेणाच्या ढिगापाशी उभं करत आणि 'मुरू द्या जरासं' म्हणत. खोकला आला तर त्यासाठी एक पोतं ठेवलेलं होतं. त्यात तोंड घालून खोकायचं. ते पोतं पूर्वी मिरच्यांचं असल्याने एकदा आत गेलेला माणूस खोकतच राहायचा. झाडाला हात लावायचा नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा सवयीने काडी मोडून दात कोरायला घेतले, तर मामाजींनी बंडी थांबवली आणि त्यांना झाडापुढे उभं केलं.

"माफी मांगा, साहेब."

"कुणाची?"

"झाडाची. तुमचा कान तोडला असता कोनं, त चाललं असतं काय तुमाले?"

मुख्याध्यापकांनी माफी मागितली. पुढे कितीतरी दिवस शाळेत त्यांचा आवाज चढला नाही, आणि आम्ही सगळे शिक्षक मनातल्या मनात मामाजींना दुवा देत होतो.

माझी पहिली सफर लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात झाली. "जवाईबापू, वाघाच्या घरी नेतो तुमाले," असं मामाजी कानात म्हणाले आणि मला घाम फुटला. आमच्या शाळेतले दोन शिक्षकही हौसेने आले होते. आम्हा तिघांना मचाणावर चढवण्यात आलं. मचाण म्हणजे मोहाच्या झाडाला बांधलेली बाज. खाली मेलेली गाय. वाघाने मारलेल्या ढोराला तिकडे गारा म्हणतात, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी गाऱ्याशेजारी नाक दाबून बसणं हे जावयाच्या मानपानात मोडत असेल अशी मला कल्पना नव्हती. पान हललं की मला वाघ वाटे, आणि उन्हाळ्यात पानं फार हलतात. अशात पळसाच्या झुडपामागून एक माणूस आला. धोतराच्या सोग्याखाली बाटली. त्याने वर पाहिलं. बाजेवर मामाजी आणि तीन मास्तर ओळीने बसलेले.

"रामराम, काकाजी."

"रामराम. काऊन आला बाप्पा इतक्या उनात?"

"बैल पाहून राह्यलो. पांढरा. हरवला."

"पांढरा त तुह्या दारात बांधला हाय. सकाळीच पाह्यला मी."

"हो काय? मंग जातो." आणि तो बाटलीसकट निघून गेला.

ऊन कललं, रान गार झालं, मोर ओरडायला लागले. आता काहीतरी दिसणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो, तोच मामाजी म्हणाले, "चला, उतरा. झालं आपलं काम." उतरता उतरता मी विचारलंच, की वाघ तर आता यायचा, मग आपण निघालो कशाला?

"वाघ येते म्हनूनच त निघालो," मामाजी म्हणाले.

मग परतीच्या वाटेवर सगळा उलगडा झाला. त्या बाटलीत कपाशीवर फवारायचं औषध होतं. वाघ आपल्या गाऱ्यावर संध्याकाळी पुन्हा येतो. दुपारी त्यावर औषध ओतून ठेवलं की रात्रीत वाघाचा निकाल. ज्याची गाय गेली तो आणखी काय करणार? एकट्या मामाजींना गावात कुणी भीक घालत नव्हतं, पण पँट-शर्टातली मास्तर मंडळी झाडावर बसलेली असली की बाटलीवाल्याला लाज वाटे. दिवसभर राखण करायची आणि अंधार पडायच्या आत जेवणाऱ्याला ताट मोकळं करून द्यायचं, एवढ्यासाठी मामाजी वर्ध्या-नागपूरची माणसं गोळा करत होते. या जिल्ह्यातल्या जंगल-पर्यटनाचा पाया असा मेलेल्या गाईच्या राखणीत घातला गेला आहे, आणि त्या पायातला एक दगड मी आहे.

मात्र नुसत्या राखणीने भागत नव्हतं. ज्याचं ढोर गेलं त्याचा संताप कुठे जाणार? म्हणून मामाजी त्याच संध्याकाळी आपल्या कोठ्यातलं एक ढोर सोडत आणि त्याच्या दारात नेऊन बांधत. गाईला गाय, गोऱ्ह्याला गोऱ्हा. "हे घे. पन औषध टाकू नोको," एवढंच बोलत. वाघ मारू नये असा कायदा झाला होता, पण तो सेलूपर्यंत आला होता, पुढे यायला त्याला बस मिळाली नव्हती. तिथून पुढे मामाजींचा कोठा हाच कायदा. त्या रानात तेव्हा एकच वाघीण उरली आहे अशी मामाजींची खात्री होती. तिच्या उजव्या पंजाचं एक बोट तुटलेलं, त्यामुळे चिखलातला ठसा लगेच ओळखू यायचा. "हे गेली का जंगल मंजे नुसतं लाकूड," ते म्हणायचे, आणि तेवढं म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली जायचा.

तेव्हापासून माझी शांतता संपली ती संपलीच. वर्ध्याच्या बाजाराला येणाऱ्या भाजीच्या पाटीबरोबर निरोप यायचा. निरोप दोनच प्रकारचे. 'गारा झाला, येजा' किंवा 'गारा नाई, तरी येजा'. वाघिणीची भीती होतीच, पण ती झाडावर चढलं की थोडी उतरायची. कोठा रिकामा होत चालल्याची भीती मात्र घरी येऊनही उतरत नसे. प्रत्येक गाऱ्यामागे एक खुंटा मोकळा होत होता. शेवटचं ढोर सुटलं की मग पुढच्या बाटलीवाल्याला मामाजी काय देणार? बायको म्हणायची, तुम्ही नका विचार करू. मी नाही केला तर करणार कोण? मामाजी तर खुशीत होते. सिंदी गावचे एक कापसाचे दलाल त्यांना पाहुणे म्हणून मिळाले होते, ते मचाणावर चढताच झोपायचे आणि असे घोरायचे की वरची वानरं चूप बसत. "हा मानूस झोपूनबी राखन करते," असं मामाजी त्यांचं कौतुक करत.

मामी या सगळ्यापासून लांब. रानात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पाहुण्यांच्या भाकरी त्याच थापत, झुणका त्याच घोटत, आणि कोठ्यातून ढोर सुटलं की रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन गुपचूप उभ्या राहत. नवऱ्याचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून त्यांनी गिरडच्या दर्ग्याची टेकडी चढून साकडं घातलं होतं. पण मामाजीही बरोबर गेले आणि त्यांनी तिथेच वाघिणीसाठी साकडं घातलं, त्यामुळे वरच्याचाही गोंधळ उडाला असावा. होता होता कोठ्यात बैलजोडी आणि भुरी गाय एवढंच उरलं. बैल पाखऱ्या आणि चांद्या. भुरी ही मामींच्या माहेराहून आलेल्या गाईची नात.

"बैल तुमचे, भुरी माही," मामींनी माझ्यासमोर त्यांना बजावलं. "भुरीले हात लावान त मी सोता गळ्यात दावं बांधून ज्याचं ढोर मेलं त्याच्या दारात जाऊन उभी राहीन. मंग वाघ अन् तुमी नांदा सुखानं."

मामाजींनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. त्यांनी भुरीला कधी हात लावला नाही.

आणि मग तो पोळा आला. पोळा आठवड्यावर असताना, एका सकाळी निरोपाऐवजी मामाजी स्वतःच वर्ध्याला आमच्या दारात उभे राहिले आणि मोठ्याने बोलले. त्यांचा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तिथेच माझं धाबं दणाणलं. "नामदेवचा बैल मारला! चला लवकर!" नामदेव म्हणजे त्यांच्या बांधाला बांध लागून असलेला शेजारी. पोळ्याच्या तोंडावर बैल जाणं म्हणजे जोडी फुटणं, आणि फुटलेली जोडी घेऊन तोरणाखाली उभं कसं राहायचं? मी शाळेत तसं कळवलं, दोन शिक्षक गोळा केले आणि मिळेल त्या बसने निघालो. गावात पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. नामदेव मामाजींच्या अंगणात डोकं धरून बसला होता. मामाजी सरळ कोठ्यात गेले, पाखऱ्याला सोडून आणलं आणि दावं नामदेवच्या हातात दिलं.

"हे घे. पन औषध टाकू नोको."

नामदेवने बैलाकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं, आणि तो मोठा माणूस ढसाढसा रडायला लागला. "काकाजी, औषध त मी सकाळीच टाकलं."

राखणदार आणायला म्हणून मामाजी वर्ध्याला आले, आणि तेवढ्यात राखण सुटली. इतक्या वर्षांत ते गाऱ्याला सोडून एवढ्या लांब कधी गेले नव्हते. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मला पाहवेना. दिवस कासराभर उरला होता. वाघीण यायच्या आत तो बैल पुरायला हवा होता. नामदेवनेच डोळे पुसले, पाखऱ्याला चांद्याशेजारी पुन्हा बंडीला जुंपलं, कुदळी-फावडी टाकली, आणि आम्ही निघालो. आता कोणता बैल कुणाचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. त्या दिवशी मामाजींनी कुणाचा वास घेतला नाही. आम्ही खोकलो, ओरडलो, फांद्या मोडल्या, त्यांचं लक्ष नव्हतं. गाऱ्यापाशी दोन गिधाडं मरून पडली होती. बैलाची एक मांडी खाल्लेली होती.

"औषध टाकलं तवा मांडी होती का नव्हती?" मामाजींनी विचारलं.

"मालूम नाई, काकाजी."

"मालूम नाई कसं?"

"डोये मिटून टाकलं मी. घरचा बैल होता. पाह्यवलं नाई मले."

ओल्या मातीत आम्ही खड्डा खणला, बैल पुरला, गिधाडं पुरली, वर दगड रचले. मी फळ्यावर खडूने नद्या काढणारा माणूस. माझ्या हातांना फोड आले होते आणि डोक्यात एकच विचार फिरत होता. तिने मांडी औषधाच्या आधी खाल्ली, की नंतर?

तो आठवडा मी रजा टाकून तिथेच काढला. सकाळी उठून नाल्याच्या रेतीत ठसे शोधायचे. पाऊस येऊन सगळं धुऊन जायचा आणि आम्ही पुन्हा शोधायला लागायचो. हरणाचे खूर, डुकरांचे, कोल्ह्याचे. बोट तुटलेला पंजा नाही. ज्या ठशांच्या नुसत्या नावाने मला कापरं भरायचं, ते दिसावेत म्हणून मी गुडघाभर चिखलात उभा राहून देवाची करुणा भाकत होतो. नागपूरहून पाहुणे आले, त्यांना मामाजींनी हात जोडून परत पाठवलं. जेवणावरून ते तसेच उठत. मामी ताट पुन्हा पुढे सरकवत आणि म्हणत, "खा ना जी. तुमी नाई खाल्लं म्हनून थे वाचनार हाय काय?" पण त्यांचाही स्वर पूर्वीसारखा तिखट नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजींनी चांद्याचे खांदे हळद-तूप लावून शेकले आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या कानात सांगितलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." शेजारच्या रिकाम्या खुंट्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पोळ्याच्या दिवशी गावच्या सगळ्या जोड्या झुली पांघरून, शिंगांना बेगड लावून तोरणाखाली उभ्या राहिल्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या, गुलाल उडाला. ओळीच्या अगदी टोकाला मामाजी एकटा चांद्या घेऊन उभे. एका बैलाने पोळ्यात उभं राहणं म्हणजे काय ते गावातच कळतं. कुणी हसलं नाही, पण सगळे नजर चुकवत होते. मी त्यांच्यामागे उभा होतो आणि माझ्याने मान वर करवत नव्हती. तेवढ्यात नामदेव आपली जोडी घेऊन ओळीच्या मधून निघाला आणि येऊन चांद्याला लागून उभा राहिला. पाखऱ्याने चांद्याची मान चाटली. मामाजींनी तिकडेही पाहिलं नाही.

आणि गुरं राखणारा गायकी धावत आला. सणाचा दिवस म्हणून त्याने ढोरं दुपारीच परत हाकली होती, घाईत एक मागे राहिली. धापा टाकत त्याने सांगितलं, "काकाजी, भुरी! नाल्यात पडली हाय. वाघानं मारली."

"पाय पाह्यला काय?" मामाजी म्हणाले. गाईचं काही नाही, पहिला प्रश्न हा.

"पाह्यला ना."

"बोट?"

"एक बोट नाई जी."

मामाजी हसले. आठवडाभर दगडासारखा झालेला तो चेहरा असा उजळला की मलाही हसू फुटलं. मग ते वळले. मागे मामी बैलांच्या पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि नवऱ्याचं हसूही पाहिलं होतं. इतक्या झटकन विझलेला चेहरा मी त्यानंतर कधी पाहिला नाही. ढोल थांबले. सगळं गाव मामींकडे पाहत होतं. मामींनी ताट खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "बंडी जुंपा."

तोरण तुटून पोळा फुटायची वाट न पाहता पोळ्यातून झुलीसकट बैल निघाले. नामदेवने काही न विचारता पाखऱ्या सोडून दिला. मामी आयुष्यात पहिल्यांदा रानात शिरत होत्या. नाल्यात पोचल्यावर आम्ही काठच्या झाडावर चढलो, मामी चढल्या नाहीत. त्या भुरीपाशी खाली बसल्या. तिच्या कपाळावर हात ठेवून त्या माश्या हाकलत राहिल्या. बाटली घेऊन कुणी येण्याचा आता प्रश्नच नव्हता, तरी आम्ही बसलो. ऊन गेलं. मामाजी खाली उतरले आणि अपराध्यासारखे उभे राहून म्हणाले, "चाल."

"थांबा. पाहू द्या मले, कोन खाते माह्या भुरीले."

"असं नसते वो. जेवनाऱ्याच्या तोंडाकडं पाह्यत नसते."

"तुमी त पाह्यली असन ना गंज डाव?"

मामाजींनी मान हलवली.

"एक डावबी नाई?"

"नाई."

मामी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. सगळा कोठा या माणसाने डोळ्यांनी कधीही न पाहिलेल्या जनावरासाठी रिकामा केला होता, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि मलाही. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा बोलतील ते ऐकवणार नाही. त्या वाकून भुरीच्या गळ्यातली घंटी सोडायला लागल्या. गाठ ओली होती, निघता निघेना, मामाजी मदतीला वाकले तर त्यांनी त्यांचा हात बाजूला केला.

"राहू दे ना ते," मामाजी म्हणाले. "उशीर होते."

"खातानी वाजन," मामी म्हणाल्या. "दचकन थे."

घंटी सुटली. मामाजी तोंड फिरवून बैलांपाशी गेले आणि उगीचच जोताची दोरी चाचपत उभे राहिले. गाव येईपर्यंत बंडीत कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. रस्ता खाचखळग्यांचा, बंडी जागोजाग आपटत होती. मामींनी ती घंटी दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली होती, आणि ती एकदाही वाजली नाही.